सुगंधाबाईची मोटर सिरोंच्याला जाते

आरमोरीत घरची मोटर असलेलं घर एकच होतं, आणि त्या मोटरीत कोंबड्या अंडी घालत.

गुणवंतरावांनी ती गाडी जंगलाच्या एका ठेकेदाराकडून घेतली होती. काळी, लांब नाकाची, वर कापडी टप असलेली. दोन-तीन वर्षं त्यांनी ती मोठ्या हौसेनं चालवली. वडसा, ब्रह्मपुरी, मार्कंड्याची जत्रा. मग एका मळणीत धानाचा काड त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरला. तो डोळा गेला, आणि त्याच्या दुःखानं की काय, दुसराही अधू झाला. रस्त्यावरचा बैल कोणता आणि बैलाची सावली कोणती हे कळेनासं झालं, तेव्हा त्यांनी मोटर धानाच्या कोठीशेजारच्या छपरीत उभी केली आणि तिच्याबद्दल बोलणंच टाकलं. घरात कोणी तिचं नाव काढलं, तर ते उठून बाहेर जात.

त्यांची बायको सुगंधाबाई. उंच, हाडापेराची, हसली तर शेजारच्या धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायांना ऐकू जाई. तिच्या माहेरी शंकरपटाचे बैल होते. झाडीपट्टीत शर्यतीच्या बैलांना लेकरांच्या वर जपतात, आणि सुगंधाबाईनं लहानपणी ते बैल चारले, धुतले, आणि बाप घरी नसला की हलक्या रेंगीगाडीला जुंपून पळवलेही होते. लग्नानंतर ते सगळं मागं पडलं. धान, घर, आणि एकुलती लेक रुखमा. रुखमाचा नवरा लच्छू जंगलखात्यात गार्ड होता. त्याची बदली सिरोंच्याला झाली, आणि लेक जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली.

१९५५च्या पावसाळ्यात रुखमाला जुळी झाली. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण पाऊस लवकर लागला, नाले भरले, रस्ता बंद पडला. आजीनं नातवंडांची तोंडं पाहिली नाहीत ती नाहीच.

पुढच्या चैत्रात सागवानाचा एक ट्रक दारासमोर थांबला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "रुखमाबाईचं माहेर हेच ना? तिनं निरोप सांगितला आहे."

सुगंधाबाई सूप तसंच हातात घेऊन बाहेर आली. "सांग ना बावा. बरी आहे ना?"

"लेकरं बरी आहेत. ती मात्र हिवतापानं पार वाळून गेली. दर पंधरा दिवसांनी ताप येऊन राह्यला. तिथले डाक्टर म्हणतात, हवा बदला, माहेरी न्या. गार्डसाहेबाले आता वणव्याच्या दिवसांत सुट्टी भेटत नाई. सर्व्हिस मोटरीत पाय ठेवाले जागा नसते, दोन लेकरं घेऊन तिच्यानं येणं होत नाई. ती म्हणाली, बाबाच्या मोटरीत न्याले या म्हणा. मिरग लागायच्या आत."

ट्रक गेला. गुणवंतराव ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. थोड्या वेळानं उठले, छपरीत गेले, आणि मोटरीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मागच्या सीटवरून एक कोंबडी ओरडत बाहेर पडली.

आधी ड्रायव्हर शोधला. पत्रू नावाचा एकजण धानाच्या गिरणीचा ट्रक चालवायचा, तो आला. गाडीभोवती एक फेरी मारली. टपाच्या चिंध्या झाल्या होत्या, टायरांना भेगा पडल्या होत्या, पाण्याच्या टाकीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं.

"काकाजी," पत्रू म्हणाला, "ही आल्लापल्लीपावेतो गेली तरी लय झालं. तिच्या पुढं साठ मैल जंगल, अन् हा उन्हाळा. मले वाघाच्या तोंडी देऊ नका."

तो गेला आणि परत फिरकला नाही. गावात मोटर चालवणारा दुसरा कोणी नव्हता. इब्राहीमभाई होता. बाजारात त्याचं टिनाचं दुकान होतं, बादल्यांना बुडं लावण्यापासून ट्रकच्या दुरुस्तीपर्यंत सगळं तो करी. पण लहानपणच्या आजारानं त्याचा डावा पाय बारीक राहिला होता, त्याला क्लच दाबता येत नसे.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर सुगंधाबाईनं ताटं उचलली, हात धुतले आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"मी चालवीन," ती म्हणाली.

गुणवंतरावांचे मोठे भाऊ रामाजी तिथंच सुपारी कातरत बसले होते. त्यांची सुपारी अडकित्त्यातच राहिली. "बाईमाणूस मोटर चालवल? लोक का म्हणतील? अन् कुठी? सिरोंच्याले?"

सुगंधाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जेठाकडं न पाहता नवऱ्यालाच म्हणाली, "भाऊजीले म्हणावं, लोकायची पोट्टी तापानं पडली नाई, माही पडली आहे."

गुणवंतराव बायकोच्या आवाजाकडं वळून बसले. मग म्हणाले, "क्लच म्हंजे का, मालूम आहे का तुले?"

"नाई."

"गेर?"

"नाई. तुमाले मालूम आहे ना? तुमी सांगा, मी दाबीन."

गुणवंतराव हसले. डोळा गेल्यापासून मोटरीच्या नावानं ते पहिल्यांदा हसले.

शिकणं वैनगंगेच्या काठच्या मोकळ्या पडीक रानात सुरू झालं. इब्राहीमभाईनं गाडी कशीबशी चालती केली. पुढं सुगंधाबाई, शेजारी गुणवंतराव, मागं इब्राहीमभाई. पदर कमरेला खोचून, काष्टा घट्ट करून ती चाकाला असं धरायची जणू कासरा ओढते आहे. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारख्या उड्या मारत निघाली आणि सरळ एका बांधाकडं धावली. सुगंधाबाई जिवाच्या आकांतानं ओरडली, "हो! हो! हो राजा!"

गाडी थांबली नाही. बांधावर चढली, पलीकडं उतरली आणि मग आपणच बंद पडली.

"भाबी," मागून कपाळ चोळत इब्राहीमभाई म्हणाला, "हो म्हटल्यानं बैल थांबते. हिले पायानं सांगा लागते."

पण बैलांनी तिला शिकवलेलं काही वायाही गेलं नाही. चढावर जनावराचा दम कधी तुटतो हे तिला कळत होतं, आणि इंजिनाचा आवाज जड झाला की गेर बदलायचा, हे तिला सांगावं लागलं नाही. चुकली की गुणवंतराव कान टवकारून म्हणत, "दातावर दात घासून राह्यले, पुन्हा दाब, पुन्हा." ते रस्ता पाहत नव्हते, गाडी ऐकत होते. चैत्र सरता सरता ती गाडी मागंसुद्धा घेऊ लागली, आणि नदीवर कपडे धुणाऱ्या बायांना ते पाहायची सवय होऊन गेली.

परवान्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, चांद्याला जायला लागलं. ती वाट म्हणजे मोटरीची पहिली खरी परीक्षा, आणि मोटर त्यात सपशेल आपटली. गडचिरोलीच्या पुढं, नदीतल्या उन्हाळी रस्त्यावर, टाकी उकळली. सावली गावाजवळ वावटळ आली आणि टपाचा अर्धा भाग फाटून रस्त्याकडेच्या मोहावर जाऊन अडकला. उरलेला रस्ता दोघं नवरा-बायको डोक्यावर ओले पंचे घेऊन, नागडं ऊन सोसत गेले. सीटचं कातडं इतकं तापलं होतं की सुगंधाबाईनं खाली शिदोरीचं फडकं अंथरलं.

चांद्याच्या साहेबाला, बाईला चाकामागं पाहून, आधी वाटलं की नवरा मागून येतो आहे. नवरा शेजारीच बसला आहे असं कळल्यावर त्यानं टोपी नीट केली. "बरं, बाई. जटपुऱ्याच्या दरवाजातून घ्या गाडी बाहेर, आणि परत आत आणा."

जटपुरा दरवाजा म्हणजे जुन्या कोटाचं दार, आणि वेळ गुरं परतण्याची. समोरून म्हशींचा लोंढा, बाजूला टांगे, मधून सायकली. सुगंधाबाईनं गाडी कमानीखाली घातली आणि म्हशी आल्या तशी थांबवली. दुसऱ्या कोणी भोंगा वाजवला असता. तिनं वाजवला नाही. खिडकीतून हात काढून पुढच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली, ती म्हैस बाजूला झाली, आणि तिच्यामागं बाकीच्या सरकल्या. मोटर त्या फटीतून बाहेर गेली आणि तशीच परत आली.

साहेब हसत होता. "भोंगा बिघडला आहे का?"

"नाई जी. म्हशी बुजल्या असत्या."

परवाना मिळाला. पण आरमोरीला परतताना गुणवंतराव म्हणाले तेच खरं होतं: "तू पास झाली, रुखमाची माय. मोटर नापास झाली." असल्या गाडीत तापातून उठलेली लेक आणि दोन तान्ही कशी आणायची? सिरोंच्याचं ऊन चांद्याच्या उन्हाचा बाप.

तेव्हापासून पुढचे दिवस ती छपरी म्हणजे कारखाना झाली.

कोंबड्यांना बाहेर काढलं. इब्राहीमभाईनं रेडिएटर, म्हणजे ती पाण्याची टाकी, उतरवून अंगणात आणला, खाराचं गरम पाणी आत ओतलं, हलवलं, उपडं केलं. आतून चिखल आला, गंज आला, गांधीलमाश्यांची मातीची घरं आली, आणि एका धानाच्या लोंबीचं भूसही आलं. पुन्हा पाणी, पुन्हा उपडं, पाणी निवळ येईपर्यंत. जिथं जिथं पाझरत होतं तिथं त्यानं टिनाचा झाळ दिला. पंख्याचा पट्टा नवा घातला. टायरांच्या भेगांवर आतून ट्रकच्या जुन्या टायराचे तुकडे बसवले, म्हणजे उन्हानं ट्यूब फुगली तरी भेगेतून बाहेर डोकावणार नाही. सुगंधाबाई त्याच्या बरोबरीनं काळी होऊन काम करत होती. इंजिन सुरू केलं की गुणवंतराव छपरीच्या खांबाला टेकून बसायचे आणि हात वर करायचे. "एक चुकून राह्यला. मागून दुसरा." इब्राहीमभाई तो प्लग काढून पाही, तर खरंच त्यावर काजळी.

टपाचं काम इब्राहीमभाईची बायको शमसुन्निसा हिनं अंगावर घेतलं. ती दुलया शिवायची, आणि आरमोरीतल्या निम्म्या लग्नांच्या गाद्या तिच्या हातच्या होत्या. गाडीभोवती सुतळीनं मापं घेतली, कमानी हलवून पाहिल्या, आणि म्हणाली, "नुसती ताडपत्री घातली तर आत भट्टी होईल, बाई. तव्यावर भाकर भाजते तशी आपन भाजू."

"मंग?"

"दोन पदर करू. वर ताडपत्री, खाली पांढरं धोतर, मधी हवा खेळाले बोटभर जागा. धोतर जुनं पाह्यजे, जुनंच थंड असते."

गुणवंतरावांची धोतरं निघाली. दोघी बाया ओसरीवर पाय पसरून बसल्या, मधे ताडपत्री, हातात दाभण. शमसुन्निसाच्या टाक्याला सुगंधाबाईचा टाका कधी पोचला नाही, पण दोरा ओढायला तिचा हात चालत होता. शिवता शिवता दोघींनी एकमेकींच्या घरचं सगळं सांगून टाकलं. शमसुन्निसानं सांगितलं की लग्न करून ती ब्रह्मपुरीहून आली, ती पुन्हा नदीपलीकडं गेलीच नाही. नागपूरच्या ताजबागेच्या दर्ग्याला जायचा नवस बोलली होती, तो राहिला तो राहिलाच.

"तू चल ना सिरोंच्याले," सुगंधाबाई म्हणाली. "दोन लेकरं. एक माह्या पोट्टीच्या मांडीवर, दुसरं कोन घेईल? मले तर चाक धरा लागते."

शमसुन्निसानं दाभण थांबवलं. "घरच्याले विचारतो."

घरचा तिथंच चाकाखाली निजून ग्रीस भरत होता. खालून आवाज आला, "जाय, जाय. टप फाटला तर शिवाले तूच पाह्यजे."

बाजूंना वाळ्याचे पडदे लावले, गुंडाळता येतील असे. पाणी मारलं की वारा गार होऊन आत येईल. सीटवर वाकळ अंथरली. मागच्या बाजूला इब्राहीमभाईनं लोखंडी नळी आडवी बसवली आणि तिला जुळ्यांसाठी झोळी टांगली. पेट्रोलच्या डब्यांना ओल्या पोत्यांची आंगी घातली. समोर पाण्याच्या दोन छागळी लोंबू लागल्या, आणि मागं बांबूच्या तट्ट्यांची गुंडाळी बांधली, नदीच्या रेतीत चाकाखाली टाकायला.

मग सुगंधाबाईनं एक गोष्ट केली जी कोणालाच आवडली नाही. वैशाखातल्या एका भर दुपारी, कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती अशा वेळी, तिनं मोटर बाहेर काढली आणि वडशाला जाऊन परत आणली.

"सकाळच्या थंडाव्यात कोनाचीही गाडी चालते," ती म्हणाली. "जे बिघडाचं आहे, ते इथीच बिघडू दे."

काही बिघडलं नाही. टाकीचं झाकण उघडलं तर वाफ आली, पण पाणी होतं तेवढंच. इब्राहीमभाईनं बॉनेटवर तळवा ठेवला आणि नुसती मान हलवली.

ते पहाटे निघाले. पुढं सुगंधाबाई आणि गुणवंतराव, मागं शमसुन्निसा, बोचकी आणि डबे. रामाजी दारात आले, आणि गाडी हलली तेव्हा त्यांनी हात जोडले. देवाला की भावजयीला हे कळलं नाही. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी असं करत दुपार व्हायच्या आत बराच रस्ता उरकला, आणि ऊन टळल्यावर आल्लापल्ली गाठली. तिथं लच्छूच्या ओळखीच्या एका गार्डाच्या ओसरीवर मुक्काम केला.

खरा रस्ता दुसऱ्या दिवशी होता. वैशाखातलं सागाचं जंगल म्हणजे नुसते उभे खांब. पान एक नाही, सावली नाही. लाल धूळ टपावर, भुवयांवर, दातांत. जागोजागी तेंदूची पानं तोडणाऱ्या बाया मोटरीचा आवाज ऐकून रस्त्याला येत, चाकामागं बाई पाहून एकमेकींना हाका मारत. शमसुन्निसा दर थोड्या वेळानं पडद्यांवर पाणी शिंपडत होती. वाळ्याचा वास येत होता, आणि आत खरंच ओसरीवर बसल्यासारखं वाटत होतं. गुणवंतराव म्हणाले, "पहिलेपासून काऊन नाई सुचलं हे?"

मग वाटेत एक मोठी नदी आली. पाण्याची बारीक गढूळ धार लांब पलीकडच्या काठाशी, बाकी सगळी रेती, पांढरी, डोळ्यांत खुपणारी. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. सुगंधाबाईनं जोर धरून गाडी उतरवली, अर्ध्यावर पोचली, आणि तिथं मागची चाकं बसली. तिनं इंजिनाला ओढ दिली; चाकं आणखी खोल गेली. रेतीत पुरलेला एक ओंडका खालून खण्णकन लागला. पुढून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली आणि रेतीवर पडताच सुकून गेली.

तिनं गाडी बंद केली. नदीच्या मधोमध एकदम शांत झालं.

"टाकी गेली," गुणवंतराव हळू म्हणाले. "ऐकलं मी."

छागळीतलं पाणी पडद्यांवर निम्मं संपलं होतं. उरलेलं टाकीत ओतलं असतं तरी गळून गेलं असतं. सुगंधाबाई खाली उतरली, तर रेतीनं तळपाय पोळले. तिला क्षणभर रडू फुटेल असं वाटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि काठाकडं पाहून जोरात हाक घातली. शंकरपटात घालतात तशी, लांब.

काठावरून दोघं आली. एक गोंड म्हातारा आणि त्याची बायको, डोक्यावर तेंदूच्या पानांचे भारे. म्हाताऱ्याचं नाव झिंगू, तिचं सोमारी. मराठी दोघांनाही बेताचंच येत होतं. सुगंधाबाईनं टाकीकडं बोट दाखवलं, ओंजळ करून दाखवली.

"येर?" सोमारीनं विचारलं. पाणी?

"हो बाई, येर, येर!"

सोमारी हसली, भारा खाली ठेवला, आणि मोटरीपासून चार पावलांवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी रेती उकरू लागली. कोपरभर खोल गेल्यावर रेती काळी झाली, मग ओली, मग खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरून चमकू लागलं. निवळ, गार पाणी. उन्हाळाभर नदी रेतीखालूनही वाहत होती, वरच्यांना ते दिसत नव्हतं इतकंच.

पाणी झालं, पण गळतीचं काय? शमसुन्निसा म्हणाली, "आमच्याकडचे ट्रकवाले एकदा हळद मागून घेऊन गेले होते. टाकीत टाकाले. हे म्हणाले होते, हळद फुगते अन् चीर बुजवते."

"हळद तर आहे! रुखमासाठी आणली." सुगंधाबाईनं बोचकं सोडलं. टाकीत हळद पडली, त्यावर झिऱ्याचं पाणी. आधी पिवळी धार लागली. मग पिवळे थेंब. सगळे वाकून पाहत राहिले. थेंब लांबले, अडखळले, आणि थांबले.

गुणवंतरावांनी टायरांची थोडी हवा सोडायला सांगितली, म्हणजे ती पसरट होऊन रेतीवर बसतील. झिंगूनं चाकांपुढची रेती कुऱ्हाडीच्या दांड्यानं ओढून काढली, तट्ट्या सरकवल्या, आणि मग तो, सोमारी, शमसुन्निसा आणि गुणवंतराव मागून लागले. सुगंधाबाईनं क्लच सोडला. हळू, अगदी हळू, नव्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवतात तसा. मोटर थरथरली, तट्टीवर चढली, तट्ट्या मागं फेकत सरकली, आणि मग ती थांबलीच नाही. तिनं थांबवली नाही. धार कापून, पाणी दोन्हीकडं उडवत, पलीकडचा काठ चढून वर मोहाखाली जाऊन उभी राहिली तेव्हाच तिनं पाय काढला.

मागं नदीत उभा राहून झिंगू भारा दोन्ही हातांनी वर धरून नाचत होता. गुणवंतराव रेतीतून धडपडत, हसत, धोतर सावरत येत होते.

"भोंगा वाजव!" ते लांबूनच ओरडले. "अवो, आता तरी वाजव!"

आणि तिनं वाजवला. जंगलभर वाजला तो.

सिरोंच्याला पोचले तेव्हा रुखमा दाराशीच बसली होती. गालफडं वर आली होती, डोळे मोठे दिसत होते. मोटर पाहून ती भिंतीला धरून उठली. बाप उतरला, पण डावीकडून. तिनं दुसऱ्या बाजूला पाहिलं.

"बाबा, मोटर कोनं आणली? ड्रायव्हर कोन आहे?"

लाल धुळीनं माखलेली, चाकाला चिकटलेली बोटं सोडवत तिची माय खाली उतरली.

रुखमा पाहतच राहिली. मग तिला हसू आलं, हसता हसता रडू आलं, आणि दोन्ही एकदम करत ती मायच्या गळ्यात पडली. "माय, तू? वो माय, तू चालवली?"

"हाव. अन् तुह्यी हळद मोटरीनं खाल्ली. लेकरं कुठी आहेत माही?"

दोन्ही लेकरं तिच्या मांडीवर आली, तेव्हा तिनं आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या पायाचा तळवा गालाला लावला.

लच्छूनं टाकीला गावच्या लोहाराकडून पक्का झाळ लावून घेतला. विश्रांती झाली, आणि पहाटे परतीचा रस्ता धरला. रुखमा वाकळीवर आडवी झाली, वाळ्याच्या ओल्या पडद्यांमागं. जुळी झोळीत. गाडी हलली की झोळी आपोआप हलायची, म्हणून ती दोघं रस्ताभर झोपली, आणि गाडी थांबली की रडली. त्यामुळं सुगंधाबाईनं गाडी फार थांबवलीच नाही. नदीत तिनं या वेळी आधीच हवा सोडली, सोमारीच्या माणसांनी टाकून ठेवलेल्या पळसाच्या फांद्यांवरून चाकं नेली, आणि एका दमात पलीकडं निघाली. रुखमा तेव्हा झोपेत होती. नदी कधी गेली हेही तिला कळलं नाही.

आरमोरीत शिरले तो बाजाराचा दिवस होता. वाट भरलेली, दोन्हीकडं दुकानं, धान, मिरच्या, मडकी. पहिल्यांदा कोणीतरी ओरडलं, "आली! सुगंधाबाईची मोटर आली!" मग बाजार उठून उभा राहिला. विळे, तराजू हातात तसेच धरून लोक बाजूला झाले. बायांनी पुढं येऊन पडद्यांत डोकं घातलं, "लेकरं दाखवा, लेकरं दाखवा." रामाजी गर्दी सारत आले, एका नातवाला त्यांनी उचलून खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिरोंच्याले गेली होती आमची बाई. मोटर घेऊन. एकटीनं चालवली."

गाडी गुणवंतरावांच्या नावावर होती, पण त्या दिवसापासून गाव तिला सुगंधाबाईची मोटर म्हणू लागलं, आणि सगळ्यात आधी तसं म्हणायला लागले ते गुणवंतरावच.

माहेरच्या हवेत, मायच्या हातची आंबील पिऊन, रुखमाचा ताप श्रावणापर्यंत गेला. दिवाळीनंतर रस्ता सुकला, तेव्हा सुगंधाबाईनंच तिला आणि दुडदुडून घर डोक्यावर घेणाऱ्या जुळ्यांना सिरोंच्याला पोचवलं. पुढच्या उन्हाळ्यात टपाला नवं धोतर लागलं, टाकी पुन्हा अंगणात उपडी झाली, आणि एका सकाळी मोटर दुसऱ्याच दिशेला, ब्रह्मपुरीवरून नागपूरच्या रस्त्याला लागली. पुढं सुगंधाबाईशेजारी गुणवंतराव कान देऊन बसले होते. मागं इब्राहीमभाई बारीक पाय लांब करून. आणि त्याच्या शेजारी, ताजबागेला चढवायची चादर मांडीवर ठेवून, नदी ओलांडताना शमसुन्निसानं पडदा वर गुंडाळला आणि बाहेर पाहत बसली.